उडी मारायच्या आधी तीनदा पाहा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेली पुनरावृत्ती तेवढी कमी केली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

आज मी विमानातून उडी मारण्याबद्दल बोलणार आहे. पण खरं सांगतो, यातलं निम्मं बोलणं जमिनीवरचंच आहे.

आधी माझी ओळख. मी तेल्हाऱ्याचा, अकोला जिल्हा. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा स्कायडायव्हिंगचा नाद लागला. दोन वर्षं पैसे साठवले, थायलंडला जाऊन कोर्स केला. आता गावी परत आलोय आणि घरचं कृषी केंद्र बघतो. वर्षातून एकदा, जमलंच तर दोनदा, उड्या मारायला जातो. आजवर ८६ झाल्या. ऐकायला जास्त वाटतात, पण या खेळात हजार-दोन हजार उड्या मारलेले लोक सर्रास भेटतात. त्यांच्यापुढे मी बालवाडीत. म्हणजे हे एका हौशी माणसाचं बोलणं आहे, उस्तादाचं नाही.

गावात मला तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "काऊन बे, जीव जास्त झाला का तुले?" दुसरा, "पैसे जास्त झाले का?" आणि तिसरा, "पॅराशूट नाही उघडलं तं?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी हसून सोडून देतो. तिसरा मात्र एकदम बरोबर प्रश्न आहे. हा सगळा खेळ त्या एका प्रश्नाभोवतीच उभा आहे.

नाही उघडलं तं?

एक उडी कशी असते ते थोडक्यात सांगतो. विमान साधारण १३,००० फुटांवर जातं. दार उघडतं, तुम्ही बाहेर पडता. पहिल्या दहा-बारा सेकंदांत वेग ताशी १९०-२०० किलोमीटरपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो, कारण हवेचा विरोध आणि तुमचं वजन यांची बरोबरी होते. पोटात गोळा वगैरे येत नाही. पाळण्यात बसल्यावर येतो तसा गोळा मीही अपेक्षेत धरला होता, आलाच नाही. वाटतं ते असं की एका जाडजूड, जोरदार वाऱ्यावर पोटावर झोपलोय.

साधारण ५,००० ते ५,५०० फुटांवर शिकाऊ माणूस पॅराशूट उघडतो. त्याआधी पाऊण मिनिट, फार तर पन्नास सेकंद मिळतात. मनगटावर अल्टिमीटर असतो, उंची दाखवणारं घड्याळच म्हणा. पहिल्या उड्यांमध्ये नजर सारखी त्याच्यावर ठेवायला शिकवतात. आकाश बघायचं राहूनच जातं.

आता पाठीवरच्या पिशवीत काय असतं ते बघा. दोन पॅराशूट असतात. एक मेन, एक रिझर्व्ह. मेन स्वतः बांधता येतं, म्हणजे शिकल्यानंतर. रिझर्व्ह मात्र परवानाधारक रिगरच बांधतो. अमेरिकेत नियम असा आहे की रिझर्व्ह वापरलं नसलं तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधायचं. या दोन्हींशिवाय एक छोटं यंत्र असतं, एएडी. ठरावीक उंचीच्या खाली तुम्ही अजून वेगात पडताय असं त्याला कळलं, तर ते आपोआप रिझर्व्ह उघडतं. तुम्ही बेशुद्ध असलात तरीही.

म्हणजे "नाही उघडलं तं?" हा प्रश्न या खेळातल्या लोकांनी तुमच्या-माझ्या आधीच विचारून ठेवलाय, आणि एकदा नाही, तीनदा.

तीन-तीनची तपासणी

मला या खेळातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर उडीआधीची तपासणी. हार्नेस अंगावर चढवण्याआधी एकदा, विमानात बसण्याआधी एकदा, दार उघडण्याआधी एकदा. आणि काय तपासायचं तेही तीन-तीनच्या हिशोबात लक्षात ठेवायचं. तीन कड्या, म्हणजे खांद्यावरचं ते जुळण, ज्यातून बिघडलेलं मेन सोडून देता येतं. तीन पट्टे, एक छातीचा आणि दोन मांड्यांचे. तीन हँडल, मेन उघडायचं, मेन सोडायचं आणि रिझर्व्हचं.

गंमत अशी की दोन हजार उड्या मारलेला माणूसही हेच करतो. बोटाने स्पर्श करून करतो. "मला माहितीये" म्हणून कोणी सोडत नाही. उलट माझं बघून झालं की तो मला म्हणतो, आता तू माझं बघ. मी ८६ उड्यांचा, तो दोन हजारांचा, आणि मी त्याचे पट्टे तपासतोय! त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे जरा करून बघा. एखाद्या काकाला म्हणा, "काका, स्टार्टरले हात लावाच्या आधी पायात चप्पल घाला." काय उत्तर येते ते तुम्हाला माहीत आहे. "तुया जन्माच्या आधीपासून मोटर चालू करून राह्यलो मी."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शीतल महाजनांचं नाव ऐकलं असेल. पुण्याच्या. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुव. २०११ ला पद्मश्री. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. पण व्हॉट्सॲपवर जास्त फिरला तो २०१८ च्या फेब्रुवारीतला व्हिडिओ, पटायाला नऊवारी नेसून मारलेल्या उड्यांचा.

तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी "वा, मराठी बाई!" म्हणून पाहिला. मी स्कायडायव्हर झाल्यावर परत पाहिला तेव्हा मला वेगळंच दिसलं. सव्वाआठ मीटर कापड आणि ताशी दोनशेचा वारा. त्यातला एक पदर जरी सुटून हँडलवर आला तर हाताला हँडल सापडणार नाही. म्हणजे आधी साडी, मग तिच्यावर हार्नेस, हेल्मेट, गॉगल, बूट, आणि कुठेही काही सुटं राहणार नाही याची खात्री. आपण टाळ्या वाजवतो त्या उडीला. मला आता त्या साडीच्या प्रत्येक घडीला टाळी वाजवावीशी वाटते.

हेल्मेट डिक्कीत

आता थोडं आकड्यांचं बोलू, कारण भीती आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत या खेळाची नोंद नीट ठेवली जाते. १९७० च्या दशकात तिथे दर वर्षी सरासरी चाळीसहून जास्त लोक यात जायचे. २०२३ मध्ये साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. म्हणजे धोका आहे. नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण तो मोजलेला आहे, आणि प्रत्येक मृत्यूनंतर काय चुकलं ते लिहून सगळ्यांना वाचायला दिलं जातं. त्यावरून पुढचे नियम बदलतात.

आता आपल्याकडचा आकडा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ दुचाकीवर हेल्मेट न घातलेली होती. हा सरकारी अहवालातला आकडा आहे. पन्नास हजार! आपल्या तालुक्यातली किती गावं रिकामी होतील, हिशोब करा.

आणि मला "मराले जाते का?" म्हणून विचारणारा माणूस कसा आलेला असतो? ट्रिपल सीट, अकोटहून, अंधारात, हेल्मेट डिक्कीत. पोलीस दिसला तर काढायचं म्हणून सोबत ठेवलेलं.

मी त्याला हसत नाही. सवय झाली की धोका दिसत नाही, हे स्कायडायव्हरनाही लागू आहे. बिल बूथ नावाचा एक अमेरिकन माणूस आहे. खांद्यावरच्या त्या तीन कड्यांचा शोध त्याचाच. लाखो उड्या त्याच्या डोक्यातून निघालेल्या सामानावर सुखरूप झाल्या असतील. त्याचं एक निरीक्षण या खेळात फार मानतात. तो म्हणतो, सामान जितकं सुरक्षित होत जातं, तितके लोक जास्त धोका घेत जातात. आणि दिसतंही तसंच. आज बरेचसे अपघात पॅराशूट न उघडल्यामुळे होत नाहीत. व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली होतात. लोक छोटं, जास्त वेगवान पॅराशूट घेतात आणि जमिनीजवळ झोकात वळण मारायला जातात.

ओळखीचं वाटतं ना? रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा चाळीसने जायचो. डांबर झालं की ऐंशी.

मूठभर माती

आता माझ्या दुकानातली गोष्ट.

ड्रॉप झोनवर गेलं की पहिल्यांदा सगळ्यांची मान एकाच दिशेला वळते. तिथे खांबावर वाऱ्याची पिशवी लावलेली असते, विंडसॉक. वारा कुठून येतोय, किती जोरात, ते तिच्यावर कळतं. उतरताना वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, म्हणजे वेग कमी होतो आणि पाय अलगद टेकतात. वाऱ्याकडे पाठ करून उतरलात तर वाऱ्याचा वेग तुमच्या वेगात मिळतो. शिकाऊ माणसाला तर ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असला तर सोडतच नाहीत. पैसे भरलेले असोत, सुट्टी संपत आलेली असो. बसून राहायचं. मी एकदा अख्खे दोन दिवस नुसता चहा पिऊन परत आलोय.

आपल्या बापजाद्यांना वारा कळत नव्हता असं नाही. धान्य उपणताना मूठभर माती वर सोडून वारा बघायची आपली पद्धत कोणत्या कोर्समध्ये शिकवलेली नाही. पण तोच माणूस कपाशीवर फवारा मारायला जातो तेव्हा वारा बघत नाही. तोंडावर तुषार घेत चालत जातो. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, तोंडाला रुमाल. तोही घामाने आणि औषधाने ओला झालेला. नोझल चोंदलं की तोंडाने फुंकतो.

तुम्हाला २०१७ आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. त्या साली कपाशी माणसाच्या उंचीची झालेली, म्हणजे तुषार थेट नाकातोंडात. त्यानंतर काही दिवस सगळे सावध होते. मग नेहमीचं सुरू.

मी काउंटरवर हातमोजे आणि मास्क ठेवतो. "घेऊन जा" म्हटलं की उत्तर येतं, "रोजच्याच कामाले कायचे हातमोजे, भाऊ? गरमी होते." गरमी होते हे खरंच आहे. आपल्याकडच्या उकाड्यात ते घालून तासभर काम करून बघा. म्हणून मी आता पूर्ण पोशाखाचा आग्रह धरत बसत नाही. तीनच गोष्टी सांगतो, तीन-तीनच्या हिशोबात. एक, डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. दोन, मूठभर माती सोडून वारा बघा आणि तुषार अंगावर येणार नाही असं चाला. जोराचा वारा असेल तर थांबा. तीन, औषध मिसळताना हातमोजे घालाच, कारण तेव्हा ते सगळ्यात कडक असतं. नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूला हात लावायचा नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. माझी आणि फवारणाऱ्या मजुराची बरोबरी होत नाही. मी धोका पैसे देऊन, हौसेने विकत घेतो. त्याला तो रोजीबरोबर मिळतो. वारा जास्त असला तर मी चहा पीत बसू शकतो, तो बसला तर त्या दिवसाची मजुरी जाते. "आज वारा आहे, उद्या या, अर्धी मजुरी देतो" असं म्हणणारे मालक मी दोन-तीनच पाहिलेत. म्हणून हा भाग ऐकणाऱ्या, ज्यांच्या घरी वावर आहे अशा पोरापोरींना माझं सांगणं आहे, मजुराला उपदेश करू नका. पंप देता तसे हातमोजे द्या. वारा असेल तर काम थांबवायचा शब्द तुमच्या बाजूने आला पाहिजे. विमानातसुद्धा "आज नाही" म्हणायचा अधिकार फक्त पैसे भरणाऱ्याचा नसतो, वैमानिकाचाही असतो.

ठरवायची उंची

शेवटचा मुद्दा, आणि तुमच्या वयाच्या लोकांसाठी मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पॅराशूट उघडल्यावर वर बघायचं आणि स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. आहे का? चौकोनी आहे का? वळवता येतंय का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर निवांत चार-पाच मिनिटं उडत खाली या. कधी कधी दोऱ्यांना पीळ पडलेला असतो. तो काही मोठा बिघाड नाही. पाय झाडून, स्वतःभोवती फिरून पीळ सुटतो. पण तो सोडवायचा प्रयत्न कुठवर करायचा? तर शिकाऊ आणि नव्या जम्परसाठी ती उंची आहे २,५०० फूट. तिथवर पोचेपर्यंत निर्णय झालेला पाहिजे. प्रश्न सुटला नसेल तर मेन सोडून द्यायचं आणि रिझर्व्ह उघडायचं. मेन लटकत ठेवून रिझर्व्ह उघडलं तर दोन्ही एकमेकांत गुंतू शकतात. म्हणून आधी सोडायचं, मग दुसरं उघडायचं.

ही उंची जमिनीवर असताना, शांत डोक्याने ठरवलेली असते. कारण वर गेल्यावर माणूस म्हणतो, अजून एकदा बघतो, आता सुटेल, आता सुटेल. पूर्ण वेगात पडत असाल तर २,५०० फूट म्हणजे जेमतेम चौदा सेकंद. "अजून एकदा" म्हणण्यातच ते जातात.

आमच्या दुकानात एक पोरगा येतो. नाव नाही सांगत. पाच वर्षं पुण्यात एमपीएससी केली. पूर्व निघते, मुख्यला थोडक्यात राहतो. वडिलांची पाच एकर कोरडवाहू, तीही खारपाणपट्ट्यात. दर महिन्याला मेसचे आणि खोलीचे पैसे तिथून जातात. मागच्या दिवाळीला तो मला म्हणाला, "दादा, परत येऊ का नको समजून नाही राह्यलं. आलो तं लोक म्हणतीन, हरला."

त्याला सोडून दे असं मी सांगितलं नाही. मला काय अधिकार? मी त्याला ते तीन प्रश्न सांगितले. अभ्यास होतोय का? मार्क वाढताहेत का? काय चुकतंय ते तुला कळतंय, बदलता येतंय? तिन्ही "हो" असेल तर घाबरून चांगलं पॅराशूट सोडून देऊ नकोस. नुसता पीळ असेल, पाय झाड. पण तुझी २,५०० फुटांची रेघ आजच आख. किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, घरातले किती पैसे. आणि ती वडिलांना सांगून ठेव. निकालाच्या दिवशी कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून आज.

त्याने माझ्याकडचाच बिलाचा कागद घेतला आणि मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. कागद खिशात घालून गेला. सध्या पुण्यात आहे, अभ्यास सुरू आहे.

हेच शेअर बाजाराच्या ॲपला लागू आहे, ऑनलाइन गेमला लागू आहे, मित्राच्या धंद्यात घातलेल्या पैशाला लागू आहे. "कुठे थांबायचं" हे खेळात उतरायच्या आधी ठरवा. आणि रिझर्व्हवर उतरलेल्या माणसाला ड्रॉप झोनवर कोणी हरलेला म्हणत नाही बरं का. उलट त्याचं कौतुक होतं. पद्धत अशी आहे की ज्याने तुमचं रिझर्व्ह बांधलं त्या रिगरला तुम्ही काहीतरी भेट द्यायची, आभार म्हणून. आपल्याकडे गावी परत येऊन काम सुरू करणाऱ्या पोराला कोणी चहा तरी पाजतं का, विचार करा.

जाता जाता

काही जण विचारतील, दादा, आम्हालाही एकदा करायचंय. जरूर करा, पण कर्ज काढून नको. पहिल्यांदा टँडमच करा, म्हणजे अनुभवी प्रशिक्षकाला बांधलेले असता तुम्ही, सगळं तो सांभाळतो. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रशिक्षकाकडे टँडमचं रेटिंग आहे का, रिझर्व्ह शेवटचं कधी बांधलं, एएडी आहे का, आणि हवा खराब झाली तर पैशाचं काय. या प्रश्नांवर जो चिडेल, त्याच्या विमानात बसू नका. आणि सही करायला देतात तो कागद वाचा. आपण मोबाइलवर "सहमत आहे" दाबतो तशी सही ठोकू नका.

आणि नाही केली उडी आयुष्यात, तरी काही बिघडत नाही. उद्या सकाळी गाडीला किल्ली लावण्याआधी तीन गोष्टी हाताने तपासा. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा. बोट लावून. आठ-दहा सेकंद लागतात.

तुमच्या घरात, वावरात, कामाच्या जागी अशा कोणत्या तीन गोष्टी आहेत, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. वऱ्हाडीत पाठवली तर जास्त आवडेल. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवतो.

चला, भेटू. सांभाळून जा.